तबकड्यांचे दप्तर

ग्रंथ आणि तबकडी ह्या दोन वस्तू घरातील एकाच कपाटात शेजारी शेजारी उभ्या राहतात, त्यामुळे त्यांचा जातिधर्म एकच असावा असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ग्रंथ वाचावयास डोळे आणि उजेड एवढी सामग्री पुरते; तबकडीतील चित्रपट मात्र, ती फिरविणारी मोटर, तिच्या पृष्ठभागाखालील सूक्ष्म खळग्यांवर पडणारा तांबडा लेसर-किरण आणि त्या किरणाच्या परावर्तनातून चित्र व ध्वनी उभे करणारे यंत्र ही सारी एकाच वेळी धड असल्यावाचून, घरात असूनही नसल्यासारखाच असतो. पणजोबांच्या हातची पोथी आजही काढून वाचता येते. पंधरा वर्षांपूर्वी हौसेने विकत घेतलेली डीव्हीडी लावावयाची म्हटले, तर नव्या लॅपटॉपला तिच्यासाठी फटच ठेवलेली नाही, आणि जुना प्लेअर दुरुस्त करून देणारा कारागीर आता मोबाइलच्या काचा बदलण्याच्या धंद्यात पडला आहे, असे आढळून येते. वस्तू आपल्या ताब्यात असणे आणि तिचा उपभोग आपल्या स्वाधीन असणे ह्यांत केवढे अंतर आहे, हे अशा वेळी प्रथम ध्यानात येते.

आमच्या घरातील संग्रह कोणी संकल्प सोडून केलेला नाही; तो वर्षानुवर्षे, थरावर थर चढत, आपोआप साचला. १९८२ च्या एशियाड क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आणि त्यापाठोपाठ व्हिडिओ मध्यमवर्गात शिरला, त्या काळच्या व्हीएचएस कॅसेटी पावसाळ्यातील दमट हवेने बुरशी धरून केव्हाच निकालात निघाल्या. नंतर व्हीसीडी आली. १९९३ साली ठरलेल्या ह्या पद्धतीत एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचाच ऐवज मावत असल्याने, हिंदी चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागलेला असे, आणि ऐन रंगलेल्या प्रसंगी पडदा काळा होऊन घरातील सर्वांत धाकट्याला तबकडी बदलण्याची आज्ञा होई. पुढे डीव्हीडीने ती तसदी वाचविली. आणि २००७ च्या सुमारास मोझर बेअर ह्या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकावयास काढली, तेव्हा तर चित्रपट भाड्याने आणण्यापेक्षा विकत घेणेच परवडू लागले आणि भाजीच्या पिशवीतून, कोथिंबिरीच्या जुडीखाली, चित्रपट घरी येऊ लागले. ती कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. तिच्या तबकड्या आमच्या कपाटात अद्याप नांदत आहेत.

ह्याशिवाय ज्यांना बाजारात कधीच भाव नव्हता अशाही तबकड्या त्यांत आहेत: भाचीच्या लग्नाची, धाकट्या भावाच्या मुंजीची, सोसायटीच्या गणेशोत्सवात हौशी मंडळींनी केलेल्या नाटकाची. अमेरिकेतील आप्तांनी कौतुकाने आणलेल्या काही तबकड्या येथे कधी चालल्याच नाहीत, कारण डीव्हीडीच्या साम्राज्यात जगाचे सुभे पाडलेले असून अमेरिका पहिल्या सुभ्यात आणि हिंदुस्थान पाचव्या सुभ्यात पडतो, व एका सुभ्याचा माल दुसऱ्या सुभ्यातील प्लेअर स्वीकारीत नाही. आणि काही तबकड्या अशाही आहेत, की ज्यांच्या वेष्टनावर दुसऱ्याच गृहस्थाचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे. परत न केलेल्या वस्तूवर वहिवाटीने हक्क प्रस्थापित होतो किंवा कसे, ह्या प्रश्नाचा निवाडा आमच्या घरी अद्याप झालेला नाही.

आता ही सारी अडगळ बाळगावयाची कशासाठी, महिन्याला ठरावीक वर्गणी भरली की सहस्रावधी चित्रपट घरबसल्या पाहावयास मिळतात, असा प्रश्न नव्या पिढीकडून येतो आणि तो अवाजवी नाही. त्याचे उत्तर मला मराठेशाहीतील जमीनधाऱ्याच्या पद्धतीत सापडले. त्या काळी गावात कुळांचे दोन मुख्य वर्ग असत. मिरासदार हा आपल्या जमिनीचा वंशपरंपरागत धनी. ती तो विकू शके, गहाण ठेवू शके, आणि परागंदा होऊन पुष्कळ वर्षांनी गावी परतला तरी तिच्यावर आपला हक्क सांगू शके. उपरी हा वर्षाच्या कराराने जमीन कसणारा. पीक त्याचे, पण माती त्याची नव्हे. वर्गणीदार प्रेक्षक हा ह्या अर्थाने उपरी होय. त्याला उपभोग भरपूर आहे, हक्क काही नाही. कंपनीचा आणि निर्मात्याचा करार संपला की काल पाहिलेला चित्रपट आज यादीतून अंतर्धान पावतो, आणि त्याबद्दल कोणाकडे दाद मागावयाची सोय नसते. ३४ रुपये मोजून डीव्हीडी घेतलेला गृहस्थ मात्र, लहानसा का होईना, पण मिरासदार आहे. अर्थात मिरासदारीला इभ्रत होती तशी तोशीसही होती. मिरासपट्टीसारखा जादा कर त्याच्याकडूनच घेतला जाई. तबकड्यांवरील चित्रपट घरच्या मीडिया सर्व्हरवर, म्हणजे साठविलेले चित्रपट घरातील पडद्यांना पुरविणाऱ्या संगणकावर, आणून ठेवण्याचा उद्योग म्हणजे ही मिरास राखण्यासाठी भरावयाची पट्टीच आहे, अशी माझी समजूत झाली आहे.

तो उद्योग लांबणीवर टाकण्याजोगा नाही, कारण तबकडी अमर असल्याची जी ग्वाही एके काळी दिली जात असे, ती खरी नव्हे. सीडी आणि व्हीसीडी ह्यांत प्रकाश परावर्तित करणारा धातूचा थर वरच्या, नाव छापलेल्या बाजूला, केवळ लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. खालची चकचकीत बाजू आपण जिवापाड जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नाव कोरतो, हा त्या बिचारीवर उलटा न्याय होय. डीव्हीडीत हाच थर ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन प्लास्टिकच्या चकत्यांमध्ये सुरक्षित असतो. पण त्या चकत्या चिकटविणारा गोंद सुटला किंवा हवा आत शिरली, की तेथेही गंज चढतो. सर्वांत अल्पायुषी त्या घरी किंवा छायाचित्रकाराच्या दुकानात भरलेल्या तबकड्या. कारखान्यात ठशाने उमटविलेल्या तबकडीतील खळगे हे खरोखरीचे खळगे असतात. घरगुती तबकडीत त्यांच्या जागी लेसरने भाजलेल्या रंगद्रव्याचे डाग असतात, आणि ऊन, उष्णता व काळ ह्यांनी ते रंगद्रव्य फिके पडत जाते. वधूवरांचे छायाचित्र असलेला कागदी स्टिकर वर चिकटविलेला असेल, तर तबकडीचा तोल जाऊन वाचनात आणखी विघ्न येते. म्हणजे बाजारात पुन्हा मिळण्याजोगा चित्रपट पुष्कळ काळ टिकणार, आणि जगात ज्याची दुसरी प्रत नाही तो लग्नसोहळा सर्वांच्या आधी जाणार, असा हा विपरीत क्रम आहे.

प्रत्यक्ष उतरवून घेण्याचे काम ज्याला सवड आहे आणि घाई नाही अशा माणसाचे आहे. संगणकाला जोडलेल्या ड्राइव्हमध्ये तबकडी घालावी, मेकएमकेव्हीसारख्या प्रोग्रॅमला ती उघडावयास सांगावी आणि सुमारे अर्धा तास तिचा घरघराट ऐकत बसावे. उघडल्यावर आतील मांडणी पाहण्यासारखी असते: सलग दिसणारा चित्रपट तेथे एक-एक जीबीच्या तुकड्यांत चिरलेला असतो, आणि पडद्यावर अक्षरे म्हणून आपण जी उपशीर्षके वाचतो ती अक्षरे नसून अक्षरांची चित्रे असतात. हे सारे तुकडे सांधून एका फाइलीत बसविले की एमकेव्ही तयार होते. ओरखडे पडलेली तबकडी मध्येच अडते. तेव्हा ती मऊ सुती कापडाने, गोल न फिरविता मध्याकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, आणि तरीही न वाचली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी, कारण एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला पुष्कळदा दिसते. त्यापलीकडे डीडीरेस्क्यू नावाचा एक चिवट प्रोग्रॅम आहे. तो प्रथम धड भाग वाचून घेतो आणि मग बिघडलेल्या जागी पुनःपुन्हा, रात्रभर, तगादा लावीत राहतो. इतका तगादा कोणा सावकारानेही लावला नसेल, पण त्याची वसुली मात्र पुष्कळदा पुण्यकारक ठरते.

येथे एक मोह आडवा येतो, तो म्हणजे आकसून ठेवण्याचा. डीव्हीडीतील चित्रपट नव्या पद्धतीने पुन्हा संकुचित केला, तर तो चौथाई जागेतही बसविता येतो, आणि वरवर पाहणाऱ्याला फरक कळत नाही. परंतु एकदा गाळलेला तपशील परत मिळत नाही, आणि जागेची टंचाई ही आता सबब उरलेली नाही: तीनशे तबकड्या धरल्या आणि प्रत्येकीस सरासरी ६ जीबी लागले, तरी एकूण बेरीज १८०० जीबी, म्हणजे दोन टीबीच्या आतच होते, आणि ४ टीबीची हार्ड डिस्क तळहातावर मावते. शिवाय व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या नाटकांत सेकंदाला पन्नास अर्धचित्रे एकमेकांत गुंफलेली असतात. ती गुंफण अविचाराने सोडविण्याच्या नादात नटाची हालचाल लुळी पडते. मूळ आहे तसे ठेवावे, आणि सोडवणुकीचे काम पाहतेवेळी यंत्रावर सोपवावे, हेच श्रेयस्कर.

ह्यानंतर खरे काम सुरू होते, आणि ते कारकुनी आहे. पुण्यातील पेशवे दप्तराची कीर्ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे ठाऊक असते, की मोडी कागदांचे ते अफाट भांडार कापडाच्या रुमालांत बांधलेले असून, कोणत्या रुमालात काय आहे ह्याची फेरिस्त असल्यावाचून ते इतिहासकाराच्या उपयोगी पडण्याजोगे नाही. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले, त्यामागे वाचनाचे श्रम होते तितकेच लावणीचेही होते. सर्व्हरचे तंत्र निराळे नाही. जेलीफिन असो वा प्लेक्स, हे प्रोग्रॅम फाइलीच्या नावावरून चित्रपट ओळखतात आणि त्याचे भित्तिपत्र, नटवर्ग व कथासार जगाच्या सामाईक माहितीकोशातून आणून लावतात. म्हणून नावापुढे कंसात वर्ष लिहिणे अगत्याचे असते. नुसते ‘देवदास’ लिहिले, तर १९३५ सालचा बरुआंचा, १९५५ सालचा बिमल रॉय ह्यांचा की २००२ सालचा भन्साळींचा, हे यंत्राने कसे ओळखावे?

हिंदी चित्रपटांच्या बाबतीत ही सेवा बऱ्यापैकी चालते. मराठीकडे वळताच तिची मजल खुंटू लागते, आणि मराठी रंगभूमीपाशी ती बहुतेक संपते. १८८२ सालच्या ‘संगीत सौभद्र’चे चित्रमुद्रण सर्व्हरपुढे ठेवले, तर दिग्दर्शक कोण, निर्माता कोण, एवढेच रकाने तो आपल्यापुढे करतो, ऑर्गनवर कोण होते, तबल्याची साथ कोणी केली, सुभद्रेच्या पदांच्या चाली कोणत्या परंपरेच्या, हे विचारण्याची बुद्धी त्या परदेशी मसुद्याला झालेली नाही. तेव्हा हा तपशील आपण आपल्या हाताने, कथासाराच्या रकान्यात का होईना, लिहावा लागतो. नाव देवनागरीत द्यावे, पण शोधण्यासाठी रोमनही जोडावे, कारण दूरदर्शन-संचाच्या रिमोटला अद्याप देवनागरीची सवय झालेली नाही. आणि ही माहिती केवळ सर्व्हरच्या पोटात न ठेवता, चित्रपटाच्याच फोल्डरमध्ये एनएफओ नावाच्या लहानशा फाइलीत लिहून ठेवावी, म्हणजे उद्या तो प्रोग्रॅम बरखास्त झाला तरी नोंद चित्रपटाबरोबर राहील. वेष्टनाच्या मागील मजकुरावरून नावे उतरवून घेताना, एरवी कधी न वाचलेली, प्रकाशयोजनाकाराची आणि रंगभूषाकाराची नावे मी प्रथमच वाचली. संग्रह पाहून होत नाही तितका तो लिहून आपला होतो, असे मला वाटू लागले आहे.

कायद्याची बाजू टाळून पुढे जाणे बरे दिसणार नाही. विकत घेतलेल्या डीव्हीडीवर बहुधा एक संकेतरूपी कुलूप असते. १९५७ च्या आपल्या प्रताधिकार कायद्यात खाजगी वापरासाठी केलेल्या न्याय्य उपयोगाला जागा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने असे कुलूप तोडण्याला जी दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा सांगितली आहे, ती हक्कभंगाच्या हेतूला जोडून सांगितली आहे. ह्यातील बारकावे वकिलांनी उलगडावेत. गृहस्थापुरती मर्यादा मात्र स्पष्ट आहे. स्वतः दाम देऊन घेतलेली तबकडी आपल्या घराच्या चार भिंतींत पाहण्यासाठी उतरवावी, तिच्या प्रती वाटू नयेत, आणि उतरविल्यावर मूळ तबकडी विकून दोन्ही हातांनी लाभ घेऊ नये. जुन्या चित्रपटांना हीही अडचण नाही: चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो, त्यामुळे १९३६ सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ केव्हाच सर्वांच्या मालकीचा झाला आहे.

मूळ तबकड्या टाकून देऊ नयेत ह्याला आणखीही कारण आहे. हार्ड डिस्क ही तबकडीहून अधिक विश्वासू आहे असे मानण्यास आधार नाही. तबकडी हळूहळू मरते, हार्ड डिस्क पुष्कळदा एका सकाळी, पूर्वसूचनेवाचून, मौन धरते. दोन हार्ड डिस्कांवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिण्याची व्यवस्था केली, तर एक गेली तरी दुसरी उरते. पण घरातील कोणी चुकून एखादा चित्रपट पुसला, तर तो दोहोंवरून तितक्याच तत्परतेने पुसला जातो. म्हणून तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, असा जाणत्यांचा दंडक आहे. त्या प्रती परस्परांशी जुळतात की नाही ह्याची, जमाखर्चाच्या वह्यांची करावी तशी, वर्षातून एकदा रुजुवात घ्यावी; प्रत्येक फाइलीचा एक आकडी ताळा काढून देणारे प्रोग्रॅम त्यासाठीच आहेत, आणि ताळा बदलला तर कोठे तरी एखादे अक्षर किडले, हे डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच कळते.

इतकी यातायात एका घरगुती संग्रहासाठी करणे हास्यास्पद वाटेल. पण मोठमोठ्या संग्रहांची कहाणी आठवली की हसू मावळते. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही, १९३१ सालचा ‘आलम आरा’, भारताचा पहिला बोलपट, समूळ नाहीसा झाला आहे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर ह्यांनी रिळामागून रीळ शोधून ते उभे केले, तरीही २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेट फितीवरील अमोल चित्रपट भस्मसात झाले. नायरांच्या पूर्वी ज्यांच्या ताब्यात ती रिळे होती, त्यांतील पुष्कळांना ती जपण्याजोगी वाटलीच नव्हती. मुंजीची डीव्हीडी आणि सोसायटीचे नाटक ह्यांच्याबाबत आपली आजची वृत्ती ह्याहून निराळी नाही. तशा ध्वनिचित्रांसाठी कोणतेही राष्ट्रीय संग्रहालय उभे राहणार नाही. त्यांचे संग्रहालय घर हेच.

आमच्या आत्याने हा सारा खटाटोप एक दिवस शांतपणे पाहिला आणि मग विचारले, “तुझ्या त्या पेटीत सगळे आहे हे खरे, पण उद्या तू गावाला गेलास तर ती उघडायची कशी, ते मला कोण सांगणार?” ह्या व्यवहारातील सर्वांत मोठे वैगुण्य तिने एका वाक्यात दाखविले. तबकडीच्या वेष्टनावर चित्र होते, नाव होते. लिहिता-वाचता येणाऱ्या कोणालाही ती काय आहे हे कळत असे. सर्व्हर ही पलंगाखालची एक मुकी काळी पेटी आहे. तिचा संकेतशब्द, तिची मांडणी आणि तिची निगा एकाच माणसाला ठाऊक असेल, तर त्या माणसाबरोबर ती मिरास बेवारस होते, आणि बेवारस मिळकत शेवटी भंगारवाल्याकडे जमा होते. मिरासदाराला वारस ठरवूनच ठेवावा लागतो.

म्हणून ज्यांच्या घरी अशा तबकड्या आहेत त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. ह्या दिवाळीच्या साफसफाईत त्या बाहेर काढा. बाजारात मिळणारे चित्रपट तूर्त बाजूला ठेवून, घरी भरलेल्या तबकड्या आधी उतरवून घ्या. पडद्यावरील ज्या माणसांची नावे आज फक्त घरातील वडीलधाऱ्यांनाच सांगता येतात, ती त्यांच्या शेजारी बसून लिहून घ्या. आणि हे पार पडल्यावर, कोणता चित्रपट कोठे आहे, पेटी कशी उघडावी आणि तिचा संकेतशब्द काय, हे साध्या कागदावर शाईने लिहून, घराच्या खरेदीखताबरोबर ठेवून द्या.